अनुभव धागा: उतारावरचं अंगण आणि पायवाट, कमी खर्चात

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कितीतरी घरं वर आणि रस्ता खाली. मधल्या वीस-पंचवीस फुटांत पाऊस माती घेऊन जातो आणि पायवाटेवर चिखल उरतो. अशी कामं ज्यांच्या हाताखालून गेली आहेत त्यांनी इथं लिहावं. घरच्या गोष्टी नकोत, मापं सांगा: काय घातलं, किती घातलं, कुठं बिघडतं. माती लाल की काळी हेही लिहा, निम्मं उत्तर त्यातच असतं.

टिळकवाडी, आखणी

आधी उतार मोजा, दगड नंतर. तीस फुटी पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा. आत बुडबुडा राहू देऊ नका, राहिला की माप खोटं येतं. एक टोक उंबऱ्यापाशी खुंटीला, दुसरं फाटकापाशी. दोन्हीकडं पाण्याच्या रेषेपासून जमिनीपर्यंत मोजा. दोन मापांतला फरक हाच उतार.

समजा 24 फुटांत 54 इंच निघाले. नऊ चढ (चढ म्हणजे एका पायरीची उंची) एका दमात बांधून मोकळं होणं सोपं, पण म्हाताऱ्या माणसांना ते जड जातं. तीन-तीन चढांचे तीन टप्पे करा. प्रत्येक टप्प्यात दोन पायऱ्या, रुंदी 13 इंच; तिसरा चढ थेट वरच्या पट्टीवर निघतो. सहा पायऱ्यांचे साडेसहा फूट झाले. उरलेल्या साडेसतरा फुटांत टप्प्यांमधल्या चालायच्या मोकळ्या पट्ट्या. पट्टीला फुटामागं पाव इंच ढाळ दिला की चार इंच तिथंच जिरतात. उरले 50, भागिले नऊ, म्हणजे चढ साडेपाच इंचांचा. दोन चढ आणि एक रुंदी मिळून 24 ते 25 इंच भरलं की पाय न बघता पडतो. इथं 11 आणि 13, बरोबर 24.

शेवटची पायरी ‘ॲडजस्ट’ करायची सवय मात्र मोडा. आठ चढ साडेपाचचे आणि नववा चारचा असला की रात्री तिथंच ठेच लागते, कारण पाय मागच्या चढाचं माप धरून उचलला जातो.

अनगोळ, गवंडीकाम

मापं बरोबर हायत. दगडाचं मी सांगतो. चिरा, म्हणजे जांभा दगड, खाणीतनं येतोय तवा मऊ असतोय, वारं-ऊन लागलं की घट्ट होतोय. आल्या आल्या बांधायला घेऊ नका, थोडे दिवस मोकळा रचून ठेवा. निवडताना दोन चिरे एकमेकावर हलके आपटा. खणखणला तर घ्या, भद्द वाजला तर परत. आत पिवळ्या-पांढऱ्या मातीच्या गाठी दिसल्या तर त्या पावसात धुऊन जातात आणि भोक पडतंय.

माती अडवायचा गडगा अडीच फुटापर्यंत कोरडाच रचा, सिमेंट नको. पाया फूटभर खाली. तळ उंचीच्या निम्म्याहून जास्त रुंद, म्हणजे अडीच फुटाला दीड फूट. दर फुटाला दोन इंच मागं कलता. पाठीमागं फूटभर 40 एमएम खडी, खडी आणि मातीच्या मधी जिओटेक्स्टाइल कापड, पाणी सोडतंय आणि माती अडवतंय ते. परवडत नसलं तर सिमेंटची प्लास्टिक पोती धुऊन, उसवून लावा, काम भागतंय. गडगा पडतोय तो मातीच्या वजनानं कमी आणि तुंबलेल्या पाण्यानं जास्त. सिमेंटात बांधलाच तर दर पाच फुटाला तळाशी तीन इंची पाईपचा तुकडा, बाहेर कलता.

चढ जास्त असला तर एक उंच नको, दोन-दोन फुटाचे दोन करा, मधी चार फूट जागा. जवळ आणले की वरच्याचं ओझं खालच्यावर येतंय. आणि चार फुटाच्या वर जायचं असलं तर इंजिनिअरला दाखवा. गवंड्याच्या शब्दावर जाऊ नका, माझ्याबी.

खानापूर

अण्णा, चिरा भिंतीला ठीक, पावलाखाली नको. आमच्या जांबोटीकडच्या पावसात तो जुलैत हिरवा होतो. पायवाटेला दीड इंची शहाबादी फरशी घ्या, पॉलिश न केलेली. गुळगुळीत कडप्पा म्हणजे पडण्याची सोय. शेवाळ धरलंच तर तारेचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडर. झाडांच्या मुळाशी ते पाणी जाऊ देऊ नका.

खाली चार इंच मुरूम, पाणी मारून धुमसानं ठोकलेला, त्यावर दोन इंच एम-सँड (दगड दळून केलेली रेती). चार फुटी रुंद वाटेला वरच्या हिशेबानं 70 चौरस फूट पट्ट्या येतात. ठोकलेला मुरूम 23 घनफूट लागतो, सुटा 30 मागवा, ठोकल्यावर तो बसतो. एम-सँड 12 घनफूट. ब्रास म्हणजे 100 घनफूट, तेव्हा अख्खा ब्रास उतरवून घेऊ नका, छोटा टेम्पो पुरतो. सांध्यात सिमेंट न भरता रेतीच झाडून घाला, थोडं पाणी तिथंच मुरतं. तुकडा फरशी स्वस्त पडते, पण लहान तुकडे मधे लावा, कडेला मोठे. कडेचा लहान तुकडा सुटतो.

बसवल्यावर प्रत्येक फरशीच्या कोपऱ्यावर टाच ठेवून भार द्या. समोरचा कोपरा जरा उचलला आणि ‘टक’ वाजलं की ती फरशी काढा, खालची रेती फळीनं सारखी करा, पुन्हा बसवा. फटीतून रेती कोंबून भागवलं तर थोड्या दिवसांत परत वाजते.

आणि गच्चीचं पाणी! 1000 चौरस फुटांवर 50 मिमी पाऊस म्हणजे साडेचार हजार लिटरच्या वर. ते अंगणात सोडलं तर वरचं सगळं वाया. चार इंची पाईपनं थेट खाली न्या, नाहीतर टाकीत.

अथणी, काळी माती

लाल मातीचं गणित इकडं चालत नाही. काळी माती पावसात फुगते, मार्च-एप्रिलात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाटेखालची माती दीड-दोन फूट काढा आणि मुरूम भरा, पण एकदम नको. सहा इंचांचा थर, पाणी, धुमस, मग पुढचा थर. पायऱ्या घराच्या जोत्याला जोडू नका, अर्धा इंच फट ठेवा. घर एका चालीनं हलतं आणि पायऱ्या दुसऱ्या, जोडलं की तडा तिथंच. कोरडा गडगा इकडं जास्त टिकतो, कारण तो हलला तरी फुटत नाही.

वडगाव

रस्त्यावर थरावर थर पडून आमच्याकडं उलटं झालंय, रस्ता वर आणि घर खाली. फाटकाच्या आत आडवी चर, नऊ इंच रुंद, जाळी उचलता येणारी. पक्की बसवली की गाळ काढता येत नाही, मग चर असून नसल्यासारखी.

हिंडलगा, रोपवाटिका

झाडांवर पैसे शेवटी घाला. वळवाचा पहिला पाऊस पडू द्या, पाणी कुठून धावतं ते बघा, तिथं काठ्या रोवून ठेवा. मृग लागला की त्या रेषेवर वाळा (खस गवत) लावा. एका खड्ड्यात दोन-तीन फुटवे, दोन खड्ड्यांत सहा इंच. ओळ उताराला आडवी, दोन ओळींत उभ्या मापानं तीन फुटांचा फरक. मुळं सरळ खाली जातात, गडग्याला रेटत नाहीत. पाऊस ओढ देईल तेव्हा पहिले दोन-तीन महिने पाणी द्या, नंतर वर्षातून दोनदा फूटभर ठेवून कापा.

मधल्या उघड्या मातीवर भाताचं पिंजर दोन इंच, बांबूच्या काटक्यांनी अडकवून. नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीत रोपं फाटकाबाहेर. कार्पेट लॉन उताराला लावू नका. पाणी खाली पळतं, वरचा पट्टा वाळतो. साधी हरळी बरी. पिवळ्या फुलांचं वेडेलिया फुकट मिळतं, माती धरतं, पण कुंपण मानत नाही. शेजारी चांगले असतील तर टाळा.

प्रश्न: स्कूटर वर न्यायची असेल तर पायऱ्यांच्या कडेनं उताराची पट्टी जमेल का?

टिळकवाडी: नाही, ताई. टप्प्यांपाशी ती पट्टी जिन्याइतकी उभी होते. सहास एक उतार (सहा फुटांत एक फूट चढ) धरला तरी 54 इंचांना 27 फूट लागतात, तुमच्याकडं 24. चाकाच्या खुर्चीला बारास एक हवा, म्हणजे 54 फूट. वळणं घ्यावी लागतील. स्कूटरला फाटकाच्या आत चार बाय सात फुटांचा सपाट ओटा करा, मुरमावर शहाबादी, गटाराकडं ढाळ.