अप्रिय सत्य बोलू नये, हे कोणाच्या सोयीचे?

पूर्वभागकर (धागाकर्ता): सत्य ज्याचे त्याचे असते, समाज टिकतो तो सलोख्यावर, म्हणून 'अप्रिय सत्य बोलू नये' हेच खरे शहाणपण, असे एका सदस्याने परवा येथे लिहिले. चार दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. मुळात वचन अर्धेच सांगितले आहे. त्याच श्लोकात पुढे, प्रिय असले तरी असत्य बोलू नये, असेही बजावले आहे.

माझे वडील जेकार्ड मागावर चादरी विणत. गेल्या गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेत, एका विक्रेत्याने पानिपतची चादर 'अस्सल सोलापुरी' म्हणून माझ्याच हाती ठेवली. वजनावरूनच मला उमगले. हटकले, तर तो हसून म्हणाला, "गिऱ्हाईक खूश, मी खूश, तुम्हाला काय त्रास?" सलोखा अगदी पूर्ण होता, मजुरी तेवढी येथल्या विणकराची बुडाली होती.

चाटीगल्लीकर: विषय सत्याचा आणि हाणायचे व्यापाऱ्याला, ही येथली जुनी रीत आहे. भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा कायदेशीर शिक्का, सोलापुरी चादरीला आहे, हे मलाही ठाऊक आहे. परंतु दोन्ही चादरी समोर ठेवून खरे सांगितले, तर दहातील आठ गिऱ्हाइके स्वस्त तीच उचलतात आणि जाताना "सोलापुरीच ना?" असे विचारून मान डोलावण्याची वाट पाहतात. त्यांना सत्य नको, खात्री हवी असते. हे पाप एकट्या दुकानदाराच्या खात्यावर का?

पूर्वभागकर: म्हणजे आपण मान डोलावता, हे तरी कबूल झाले.

चाटीगल्लीकर: मी असे कोठेही म्हटलेले नाही. तीस वर्षे दुकान चालवतो आहे, माझ्या तोंडी शब्द घालू नयेत.

निवृत्त शिक्षक: चादर क्षणभर बाजूला ठेवावी, ही दोघांनाही विनंती. मूळ लेखातील 'ज्याचे त्याचे सत्य' हे विधान मला चादरीपेक्षा घातक वाटते. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर आपले सोलापूर पेटले, मार्शल लॉ पुकारला गेला आणि पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. सरकारच्या सत्यात ते खुनी होते आणि आपल्या सत्यात हुतात्मे आहेत. दोन्ही सारखीच खरी मानायची असतील, तर चार पुतळ्यांना हार घालताना आपण नेमके काय करतो, याचे उत्तर मूळ लेखकाने द्यावे.

चाटीगल्लीकर: सर, आपल्याच उदाहरणाने आपला मुद्दा पडतो. कागदोपत्री सिद्ध झालेले ते सत्य, असे पूर्वभागकर मानतात. तेव्हाचा कागद तर फाशीचा होता.

पूर्वभागकर: कागदालाच सत्य म्हणावे, असे मी लिहिलेले नाही. तरीही हा वार बसला, हे मान्य करतो. शिक्का असला म्हणजे खरेच, हे चादरीलाही लागू नाही आणि निकालालाही नाही, तपासावेच लागते. १८७३ साली फुल्यांनी समाज काढला तो 'सत्यशोधक', 'सत्यधारक' नव्हे.

लेक सोलापूरची: आपणा सर्वांचे वाद दुकानातले आणि इतिहासातले आहेत, माझा घरातला आहे. बाबांचा कर्करोग आम्ही भावंडांनी त्यांच्यापासून पाच महिने लपवला. घरात सलोखा होता, रोज हसतखेळत जेवणे होत. शेवटच्या आठवड्यात ते एवढेच म्हणाले, "मला कळत होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." त्यांना गावी जाऊन धाकट्या काकांशी असलेला अबोला मिटवायचा होता, हे आम्हाला नंतर काकांकडूनच कळले. प्रिय असत्य कोणाला प्रिय होते, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

निवृत्त शिक्षक: ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या पत्नीच्या वेळी आम्ही सारे सांगितले होते आणि ती त्या दिवसापासून जेवेनाशी झाली, एवढेच नोंदवतो.

चाटीगल्लीकर: ताईंच्या दुःखापुढे चादरीचे बोलणे खुजे आहे, तरी पूर्वभागकरांचे देणे राहू नये म्हणून लिहितो. उद्यापासून पानिपतचा गठ्ठा वेगळ्या फळीवर ठेवून त्यावर ठळक पाटी लावतो. त्यांनी मात्र पहिले गिऱ्हाईक म्हणून यावे, सोलापुरी चादर सांगितल्या किमतीला घ्यावी आणि घासाघीस करू नये. विणकराच्या मजुरीविषयी त्यांना वाटणारी कळकळ त्या वेळी पाहू.

पूर्वभागकर: येतो. पाटीचे छायाचित्र आधी येथे टाकावे.