कासवाचे डोळे सुजून मिटले आहेत, मदत हवी आहे

नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो. आमच्याकडे चार वर्षांपासून रेड-इअर्ड स्लायडर जातीचे, तळहाताएवढे एक कासव आहे. गेल्या आठ दिवसांत त्याच्या दोन्ही पापण्या फुगल्या असून उजवा डोळा पूर्ण मिटला आहे आणि पापणीच्या कडेला दह्यासारखा घट्ट, पांढरट थर दिसतो. पुढच्या पायाने ते सारखे डोळा चोळते आणि समोरचे खाणे दिसत नसल्यामुळे तोंड भलतीकडेच मारते.

चूक बहुधा आमचीच आहे. आजवर त्याला वाळवलेली कोळंबीच घातली, आणि अशा एकाच आहारातून अ जीवनसत्त्व कमी पडले की कासवांच्या पापण्या सुजतात, हे मला आता कळते आहे. शिवाय पावसाळ्यात इथे आठवडा-आठवडा ऊन पडत नाही, आणि टाकीला ना हीटर आहे ना अतिनील दिवा. सध्या रोज पाणी बदलतो, तेही नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच.

एका दवाखान्यात थेंब लिहून दिले, पण कासवांचा अनुभव नसल्याचेही डॉक्टरांनी प्रांजळपणे सांगितले. अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन जास्त झाले तर कातडी सोलवटते, म्हणून मनाने काही करण्याचे धाडस होत नाही.

कोल्हापूर, सांगली किंवा बेळगाव परिसरात सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य कोणाला ठाऊक आहेत का? तोवर डोळे मिटलेल्या कासवाला भरवावे कसे? रंकाळ्यात सोडून देण्याचा सल्ला मात्र कृपया देऊ नये. ही जात मूळची अमेरिकेतली असून इथल्या कासवांच्या मुळावर येऊ शकते.