विषय: शनिवारचं भाजीचं टेबल आणि जास्तीचे दुधी

प्रेषक: कार्यकारिणी, एडिसन

नमस्कार मंडळी,

ऑगस्ट लागला. मध्य न्यू जर्सीतल्या परसबागांत दुधी, दोडका, भेंडी, टोमॅटो सगळं एकदम उतरायला लागलंय. इथे 8 ऑगस्ट हा दिवस शेजाऱ्याच्या पायरीवर गुपचूप झुकिनी ठेवून पळ काढण्याचा म्हणून थट्टेने पाळतात. आपल्याला पळायला नको. येत्या शनिवारी सकाळी 10 ते 11 सभागृहाच्या पार्किंगमध्ये टेबल लावतोय. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी आणावं, ज्यांना हवं त्यांनी न्यावं. पैशाचा व्यवहार नाही. काय आणि कसं आणावं, हे बागवाल्यांनीच इथे लिहावं.

---

प्रेषक: हिल्सबरो

एकच माप धरा: एका घराची एका वेळची भाजी. भेंडी असेल तर साधारण 350 ग्रॅम, गवार पाव किलो, दुधी मध्यम एक, दोडके तीन, कारली चार. अशा पुड्या घरूनच बांधून आणा. टेबलावर भेंडीचा ढीग ओतला की पहिले चौघे कोवळी वेचून नेतात आणि उरलेली कोणी उचलत नाही. दहा भेंड्यांची पुडी दिली तर ती फ्रिजमध्ये पडून काळी पडते, कारण तेवढ्यात कोणाचीच भाजी होत नाही. आणि पाच किलो टोमॅटो एकाच घरात दिले तर भेट कसली, ते काम लावणं झालं.

तोडणीचं वेळापत्रक वाटपाच्या दिवसावरून मागे मोजा. भेंडी 3 ते 4 इंचांची तोडायची. उन्हाळ्यात ती दोन दिवसांत जून होते, म्हणून एक दिवसाआड फेरी हवीच. टोक वाकवल्यावर कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर कंपोस्ट. शनिवारसाठी गुरुवार आणि शनिवार सकाळ या दोन तोड्यांचीच आणा. मधल्या काळात कोरडी ठेवून कागदी पिशवीत, फ्रिजच्या दारात किंवा वरच्या कप्प्यात. मागच्या गार भिंतीला लागली की डाग पडतात.

दुधीला नख लावून पाहा, सहज रुतलं पाहिजे आणि सालीवर बारीक लव असली पाहिजे. झुकिनी 6 ते 8 इंचांची. पानांखाली लपून दंडाएवढी झालेली कोणाला देऊ नका, पण वेलावरही ठेवू नका. मोठं फळ तसंच राहिलं की झाड नवी फळं धरायची कमी करतं. जून दोडका मात्र वेलावरच वाळू द्या, अंग घासायला उपयोगी पडतो.

टोमॅटो पूर्ण लाल व्हायची वाट पाहू नका. गुलाबी छटा आली की तोडा, घरात ओट्यावर तीन-चार दिवसांत पिकतात. वेलावर पिकवायला गेलात आणि एक जोराची सर आली की साली फुटतात, आणि फुटलेला टोमॅटो रविवारपर्यंतही टिकत नाही. फ्रिजमध्ये घालू नका, चव जाते. खोक्यात एकच थर, देठाची बाजू खाली. त्यांच्याशेजारी कारली नकोत. पिकणारा टोमॅटो इथिलीन वायू सोडतो आणि कारली एका रात्रीत पिवळी पडतात.

आणि प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारू नका! आत घाम धरतो आणि संध्याकाळपर्यंत भाजी चिकट होते. धुऊनही आणू नका. माती झटका, बास. घेणाऱ्याने वापरायच्या वेळी वाहत्या पाण्याखाली धुवावी, साबण न लावता. अपवाद माठ आणि अंबाडीचा. त्यांच्या देठांना ओला कागद गुंडाळा.

---

प्रेषक: प्लेन्सबरो

काकांनी तोडणीचं चोख लिहिलंय. एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते तीच सर्वांत आधी यायला हवी: दुधी, दोडका, झुकिनी, काकडी चाखल्याशिवाय कोणाला देऊ नका.

या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. लागवडीच्या वाणांत ती जवळजवळ नसतात, पण एखाद्या वेलावर परत येतात. ती शिजवून जात नाहीत. जास्त प्रमाणात पोटात गेली तर तासाभरात उलट्या, जुलाब, कधी रक्ताची उलटी आणि रक्तदाब घसरणं. 2015 मध्ये जर्मनीत हायडेनहाइम इथे 79 वर्षांचे एक गृहस्थ परसबागेत पिकवलेली झुकिनी खाऊन दगावले, आणि ती झुकिनी शेजाऱ्यांनी दिलेली होती. भारतात कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सल्ला दिला तोही हाच: आधी छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर सबंध दुधी टाका. रसात लिंबू, मध, आवळा घातला की कडूपणा झाकला जातो, म्हणून रसाचा धोका भाजीपेक्षा मोठा.

चाखायचं कसं? देठाकडचा नखाएवढा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवायचा, गिळायचा नाही. कडू लागला की थुंकून चूळ भरा. प्रत्येक फळ कापलं तर देणार काय, असा प्रश्न येईलच. म्हणून हंगामात प्रत्येक वेलाचं पहिलं फळ चाखा, आणि कडू निघालं तर तो वेलच उपटा. नंतर पाण्याचा ताण पडला किंवा कडक उन्हाची लाट आली तर पुन्हा चाखा, कारण तशा दिवसांत कडूपणा वाढतो. तरीही पुडीवर लिहाच: "शिजवण्याआधी चाखून पाहा. कडू असल्यास टाकून द्या." भारतातून आलेल्या पाहुण्यांनाही सांगा. "आजोबा कडू दुधीचा रस घ्यायचे" हे ऐकून घ्या आणि दुधी टाका.

हा घोळ बहुतेक वेळा घरी धरलेल्या बियांमुळे होतो. झुकिनीचं फूल शेजारच्या शोभेच्या भोपळ्याच्या परागाने फळलं, तर त्या वर्षीची झुकिनी नेहमीसारखीच लागते. तिच्या बियांतून पुढच्या वर्षी उगवणाऱ्या वेलावर कडू फळं येऊ शकतात. कंपोस्टच्या ढिगावर आपोआप उगवलेला भोपळवर्गीय वेलही त्यातलाच, त्याची फळं वाटू नका. बी धरायचंच तर दुधीचं सोपं आहे. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. मादी फूल आदल्या दुपारी कळी असतानाच कागदी पिशवीने झाका, उमलल्यावर नर फूल हाताने लावा, परत झाका आणि देठाला दोरा बांधून खूण करा.

काकडीबद्दल: टोक कापून घासायचं, फेस आला की "कडू निघाला" म्हणायचं, ही आपली जुनी खोड. काकडीत कडूपणा देठाकडे आणि सालीलगत जास्त असतो, त्यामुळे फरक पडतो तो टोक कापल्याने. घासल्याने गर सुधारत नाही. कारल्याला हा नियम लावू नका, तिथली कडू द्रव्यं वेगळी.

---

प्रेषक: ब्रिजवॉटर

ताई, आमच्या गल्लीत मराठी घर एकच. शेजाऱ्यांना अळू आणि वालाच्या शेंगा द्याव्यात का? आणि घरी कोणी नसेल तर टपालपेटीत ठेवलं तर चालेल?

---

प्रेषक: मोनरो

टपालपेटीत अजिबात नको. तिकीट न लावलेली वस्तू तिच्यात टाकायला फेडरल कायद्याने मनाई आहे, शिवाय दुपारी ती पेटी म्हणजे भट्टीच. दारात ठेवायची तर आधी मेसेज करा, संध्याकाळी सहानंतर सावलीत ठेवा. रात्रभर राहिली तर सकाळी रॅकून जेवून गेलेले असतात.

अळू न सांगता देऊच नका. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आपण चिंच किंवा आमसूल घालून भरपूर शिजवतो, ते उगाच नाही. इथला माणूस हिरवं पान पाहून ते कच्चं सॅलडमध्ये घालेल आणि घसा धरून बसेल. इथे कुंड्यांत लावतात ते "हत्तीचे कान" दिसायला तसंच, पण खायचं नसतं, म्हणून त्यांनी बागेतून तोडलेल्या पानांवर प्रयोग करू नये हेही सांगा. त्यापेक्षा अळूवडी तळून द्या. वालाच्या कोवळ्या शेंगा चालतील, फक्त "पूर्ण शिजवा, कच्च्या खाऊ नका" असं लिहा. जून दाणे देऊ नका, त्यांना भिजवून, उकळून, पाणी ओतून टाकावं लागतं आणि तेवढी खटपट कोणी करत नाही.

शेजाऱ्यांसाठी चिठ्ठी इंग्रजीत आणि चार ओळींची हवी: नाव, कसं शिजवायचं, किती दिवस टिकेल, काय फवारलं. फवारणीचं लपवू नका. औषधाच्या लेबलवर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते भाजीनिहाय लिहिलेलं असतं. तुमची भाजी त्या यादीतच नसेल तर ते औषध तिच्यावर मारायचंच नाही. दोडका-कारल्याचं नाव बऱ्याचदा नसतं, लक्ष असू द्या. ताजं शेणखत घातलं असेल तर इथल्या सेंद्रिय नियमाप्रमाणे, खायचा भाग मातीला लागत असेल तर 120 दिवस, लागत नसेल तर 90 दिवस थांबा. पुराचं पाणी शिरलेल्या वाफ्यातली भाजी कितीही टवटवीत दिसली तरी देऊ नका. 2021 च्या आयडा वादळानंतर अनेक परसबागांवर ही वेळ आली होती. 1978 च्या आधीचं घर असेल आणि वाफा भिंतीलगत असेल तर जुन्या रंगातलं शिसं मातीत असू शकतं. रटगर्स विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेतून तपासून घ्या. तोवर त्या वाफ्यातला पालेभाज्यांचा वाटा थांबवा.

---

प्रेषक: हिल्सबरो

टेबलावर उरेल त्याचं काय? फूड पँट्रीला, म्हणजे गरजूंना मोफत अन्न वाटणाऱ्या केंद्राला, द्यायचं असेल तर आधी फोन करून ताजी भाजी कोणत्या वारी घेतात ते विचारा. वाटपाच्या सकाळी नेली तर त्याच दिवशी लोकांच्या घरी जाते. आदल्या रात्री नेली आणि तिथे शीतपेटी नसली तर तीच भाजी सुकून जाते. न्यू जर्सीतूनच 2009 मध्ये सुरू झालेल्या अँपल हार्वेस्टच्या संकेतस्थळावर जवळच्या पँट्री सापडतात. काही झालं तर आपल्यावर येईल का, ही धास्ती नको: सद्भावनेने ना-नफा संस्थेला अन्न देणाऱ्याला 1996 च्या बिल एमर्सन कायद्याचं संरक्षण आहे. शेजाऱ्याला थेट दिलेल्या भाजीला मात्र त्याचा संबंध नाही. पँट्रीत टोमॅटो, मिरच्या, काकड्या, झुकिनी पटकन जातात. कारली न्यायची तर आधी विचारा.

---

प्रेषक: एडिसन, नुसता एक प्रश्न

घरी केलेलं लोणचं, बाटलीबंद टोमॅटो सॉस टेबलावर चालेल का?

---

प्रेषक: कार्यकारिणी, एडिसन

नाही. तेलात बुडवलेली लसूण-मिरची किंवा घरच्या बाटलीबंद भाज्या यांत आंबटपणा कमी पडला तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो, आणि तो वासाने किंवा चवीने कळत नाही. फक्त ताजी, अख्खी, न कापलेली भाजी आणा.

शनिवारी वजनकाटा, कागदी पिशव्या आणि मार्कर आम्ही ठेवू. सावलीसाठी एक छत्री आहे, आणखी एक हवी. ब्रिजवॉटरवाल्या वहिनी, तुमची मोठी छत्री आणाल का? उरलेलं 11 वाजता पँट्रीत न्यायला एक गाडी लागेल. ज्यांना जमेल त्यांनी आजच कळवावं.