देवघरातली उदबत्ती बंद खोलीत लावायची का? माझं मत, नाही

ठाण्याची_आई
आमचं ठाण्यात वन बीएचके, देवघर हॉलच्या कोपऱ्यातच. मुलगा ६ वर्षांचा, बालदमा आहे, गेल्या पावसाळ्यात तीनदा नेब्युलायझर द्यावा लागला. डॉक्टरांनी विचारलं घरात कोणी सिगारेट ओढतं का, मी ठामपणे नाही म्हटलं, आणि घरी येऊन बघते तर सकाळी दोन उदबत्त्या, संध्याकाळी दोन, गुरुवारी धूप, रात्री डासांची कॉइल, आणि पाऊस येतो म्हणून सगळ्या खिडक्या बंद. मग वाचायला लागले. एक ग्रॅम उदबत्ती जळली की ४५ मिलिग्रॅमच्या वर कण हवेत जातात, सिगारेटच्या एका ग्रॅमला साधारण १०. माझं म्हणणं इतकंच की लहान मूल किंवा दमेकरी घरात असेल तर एकच उदबत्ती, खिडकी उघडी, आणि ती विझेपर्यंत मूल दुसऱ्या खोलीत. सासूबाईंना हे लागलंय, म्हणून इथे विचारतेय.

नाशिककर_काका
ताई, मुलाची काळजी समजते, पण हे पटलं नाही. आमच्याकडे तीन पिढ्या रोज उदबत्ती लागते, माझी आई ८८ वर्षं जगली आणि शेवटपर्यंत स्वतः पूजा करायची. सिगारेटचा धूर माणूस सरळ छातीत ओढतो, उदबत्ती चार हात लांब असते, मग ग्रॅमला ग्रॅम लावून तुलना कशी होईल? बाहेर डंपर, बांधकामाची धूळ, तिकडे कोणी बघत नाही आणि देवाची उदबत्ती तेवढी दिसते. सकाळी तो वास आला की घर जागं झाल्यासारखं वाटतं, ते बंद करून काय उरणार?

पल्मो_वॉर्ड_सिस्टर
काकांचा तुलनेचा मुद्दा बरोबर आहे, ग्रॅमचा आकडा म्हणजे छातीत गेलेला धूर नव्हे. पण "चार हात लांब" हे वाड्यात ठीक होतं, ओसरी, चौक, कौलांतून हवा खेळायची. दहा बाय बाराच्या खोलीत स्लायडिंग खिडकी लावली की धूर जाणार कुठे? त्यात स्प्लिट एसी चालू असेल तर तो खोलीतलीच हवा गार करून परत फिरवतो, बाहेरची घेत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांसाठी, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम सांगितली, आपल्याकडची ६० आहे. आणि ठाणेताई, आधी ती कॉइल बंद करा हो. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलंय. त्यापेक्षा मच्छरदाणी लावा.

नाशिककर_काका
कॉइलचं मान्य. उदबत्तीचं अजून नाही. त्या सिंगापूरच्या अभ्यासाचं नाव घेऊन आमचा भाचा पण घाबरवत असतो.

पल्मो_वॉर्ड_सिस्टर
तो २००८ चा, सिंगापूरमधल्या ६१ हजारांहून जास्त चिनी वंशाच्या लोकांचा. वर्षानुवर्षं घरात धूप जाळणाऱ्यांमध्ये श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचे काही कॅन्सर जास्त दिसले. पण तिथे बऱ्याच घरात दिवसभर जळतं, आपल्याकडे वीस-तीस मिनिटं, त्यामुळे तो जसाच्या तसा आपल्याला लावू नका, मीही लावत नाही. दम्याच्या पोराचं वेगळं आहे काका, त्याला कॅन्सरची वाट बघावी लागत नाही, त्याच रात्री छाती वाजायला लागते.

कोकणी_वहिनी
आमच्याकडे वेळू जाळू नये म्हणतात, वंशाला बरं नाही, म्हणून काडीवाली उदबत्ती बंद करून धूपकांडी आणली. काडी नाही म्हणजे धूर पण चांगलाच असणार ना?

पल्मो_वॉर्ड_सिस्टर
वहिनी, श्रद्धेचं तुमचं तुम्ही ठरवा, पण काडी नसली तरी मसाला जळतोच, आणि कांडी जाड असते त्यामुळे धूर बरेचदा जास्तच होतो. अर्धी मोडून लावा. आणि "डास पळवणारी अगरबत्ती" म्हणून सुटी मिळते ती अजिबात नको, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली अशा वस्तूची नोंदणी लागते, पाकिटावर नोंदणी क्रमांक नसेल तर आत काय आहे हे दुकानदारालाही माहीत नसतं.

साताऱ्याची_आजी
उदबत्तीचं राहू दे, पण बाळाला धुरी द्यायची नाही असं कोणी म्हणू नका. ओवा, बाळंतशेप, वावडिंग, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून मी पाच नातवंडांना न्हाऊ घातल्यावर धुरी दिली, डोकं कोरडं होतं, सर्दी बसत नाही. पुढच्या महिन्यात सुनेचं बाळंतपण आहे आणि तिने आत्ताच सांगून टाकलंय, धुरी नाही.

ठाण्याची_आई
आजी, तुमची माया कळते, पण सुनेचं ऐका. माझ्या बाळंतपणात आईने बाजेखाली शेगडी ठेवली होती, दार लावून, वारा लागू नये म्हणून. अर्ध्या तासात माझं डोकं गरगरायला लागलं, बाळ मलूल पडलं, आत्या आली आणि तिने खाडकन दार उघडलं म्हणून निभावलं. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वास नाही रंग नाही, आपलं डोकं दुखतं, गरगरतं, झोप आल्यासारखं वाटतं एवढंच. मी ते अजून विसरले नाही.

डोंबिवली_गणपतीभक्त
धुराबरोबर आगीचं पण बोला ना. आमच्या मजल्यावर एकांनी गणपतीला केळ्यात उदबत्ती खोचली, वर पंखा फुल, निखारा उडून मखराच्या कापडी झालरीवर पडला. माणसं घरात होती म्हणून बादलीभर पाण्यावर भागलं. उदबत्तीला ज्योत नसते म्हणून आपण बिनधास्त राहतो, पण टोकाचा निखारा कापसाला, पडद्याला सहज पेटवतो. मी पितळी वाटीत वाळू भरून त्यात लावतो, आणि ऑफिसला निघताना टोक वाळूत दाबून विझवतो, अर्धी राहिली तरी.

नाशिककर_काका
आमच्या देवघराचा प्लायवूड उदबत्तीच्या वरच्या बाजूला काळा पडलाय, इतकी वर्षं बघतोय पण कधी विचार केला नव्हता. वाळूची वाटी करतो. उदबत्त्या मात्र दोनच राहतील, खिडकी उघडीन.

ठाण्याची_आई
काका, तेवढंच म्हणतेय मी. आमच्याकडे सासूबाई आता पूजा मुलगा स्कूल बसमध्ये बसल्यावर करतात, संध्याकाळी नुसतं निरांजन आणि फुलं. परवा मोगऱ्याचा गजरा स्वतः आणून त्यांनी देवाला वाहिला, काही बोलल्या नाहीत.

साताऱ्याची_आजी
शेगडी खोलीत नेणार नाही, ते पटलं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं तर चालेल का, सुनेच्या डॉक्टरणीला विचारते.