मदत हवी आहे : इंजिनातील कार्बनसाठी टाकीत ॲडिटिव्ह घालावे का?

नमस्कार. माझी २०१३ सालची पेट्रोल गाडी ९२,००० किलोमीटर चालली आहे. रोजचा प्रवास कोल्हापुरात राजारामपुरी ते महाद्वार रोड एवढाच असल्याने इंजिन नीट तापण्याआधीच गाडी बंद होते. गेले दोन महिने ती सकाळी थरथरते आणि पन्हाळ्याच्या चढावर पूर्वीसारखी ओढत नाही. प्लग व एअर फिल्टर बदलले. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) उघडली तेव्हा झडपेच्या कडेला बोटाला चिकटणारा काळा थर होता. तो पुसल्यावर थोडाच फरक पडला.

उद्यमनगरातील आमचे मिस्त्री टाकीत क्लीनरची, म्हणजे कार्बन काढणाऱ्या ॲडिटिव्हची, बाटली ओतायला सांगतात. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवरचा (हवा आत सोडणाऱ्या झडपेवरचा) थर अशा औषधाने निघत नाही, हे मला पटते. परंतु माझ्या गाडीत इंजेक्टर व्हॉल्व्हच्या पाठीवरच फवारा मारतो, म्हणून पॉलिइथरअमाइन हे थर काढणारे रसायन असलेल्या ॲडिटिव्हचा उपयोग व्हावा असे वाटते.

ज्यांनी ते वापरले आहे, त्यांना किती टाक्यांनंतर फरक जाणवला? सुटलेल्या कार्बनमुळे धुराच्या मार्गातील ऑक्सिजन सेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाला) त्रास झाला का? त्यानंतर इंजिन ऑइल लगेच बदलले का? वडिलांनी घेतलेली ही गाडी मला आणखी बरीच वर्षे वापरायची आहे, तेव्हा कृपया स्वतःचा अनुभव सांगावा.