जपानी ज्युदोपटू रिओको तानीला 2008च्या बीजिंग ऑलिंपिकला कुणी पाठवलं, पदकांनी की प्रसिद्धीने?

मॅटबाहेर:
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, ‘तानी म्हणजे जाहिरातींनी मोठी केलेली बाहुली, 2008ला वशिल्याने गेली.’ वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. 48 किलो गटात सात जागतिक विजेतेपदं. सलग पाच ऑलिंपिक, पाचही वेळा पदक. सिडनी आणि अथेन्सला सुवर्ण. उंची जेमतेम 146 सेंमी. जपानने तिला ‘यावारा-चान’ (ज्युदोवरच्या गाजलेल्या कॉमिकची नायिका) म्हणून डोक्यावर घेतलं ते ती जिंकत होती म्हणून. बाळंतपणानंतर परतून 2007ला रिओत पुन्हा जगज्जेती झाली. हा वशिला?

सरळबोल्या:
पदकं कोण नाकारतंय? प्रश्न निवडीचा आहे. 2007च्या राष्ट्रीय स्पर्धेत फायनलला तोमोको फुकुमीने तिला हरवलं, तरी रिओला गेली तानी. 2008ला एमी यामागिशीने हरवलं, तरी बीजिंगला तानीच! मग स्पर्धा भरवता कशाला? अनोळखी पोरीला संधी मिळाली की काय होतं, हे 1996च्या अटलांटा ऑलिंपिकच्या फायनलमध्ये खुद्द तिनेच भोगलंय. उत्तर कोरियाच्या 16 वर्षांच्या के सुन-हुईने हरवलं होतं तिला.

लालमाती:
निवड चाचणीचं कौतुक आम्हा कुस्तीवाल्यांना सांगू नका. 2015ला लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ जिंकून 74 किलोचा कोटा, म्हणजे देशासाठी ऑलिंपिकची जागा, आणला आपल्या नरसिंग यादवने, आणि सुशीलकुमार चाचणी मागत कोर्टात! तीन वेळचा महाराष्ट्र केसरी म्हणजे काय ऐरागैरा?

सरळबोल्या:
सुशीलची दोन ऑलिंपिक पदकं विसरलात? चाचणी झाली असती तर काय बिघडलं असतं?

लालमाती:
बिघडलं असतं! कोटा आणणाऱ्याने ऐन तयारीत घरच्याच पैलवानाशी झुंजून दुखापत ओढवून घ्यायची? दिल्ली उच्च न्यायालयानेही सुशीलची मागणी फेटाळलीच ना?

ज्युदोवालीची आई:
तुमचं कोर्ट राहू द्या. माझी लेक जिल्ह्याची फायनल इप्पॉनने, म्हणजे एकाच डावात थेट, जिंकली. गुडघ्याची पट्टीसुद्धा सोडली नव्हती, तोवर यादी लागली. नाव हरलेलीचं. म्हणे, ‘तिला अनुभव आहे.’ अहो, पाठवल्याशिवाय अनुभव येणार कुठून? त्यानंतर पोरीने गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, अंगाला लावला नाही. मला तानीचं कौतुक आहे, पण फुकुमीच्या आईला काय वाटलं असेल ते मी सांगू शकते.

मॅटबाहेर:
ताई, तुमच्या मुलीवर अन्याय झाला, मान्य. पण जिल्ह्याची यादी आणि ऑलिंपिक एका मापाने मोजू नका. जपानी महासंघाने परदेशातली कामगिरी धरली, आणि रिओत तानीने ती निवड खरी करून दाखवली.

सरळबोल्या:
आणि बीजिंगला? सेमीफायनलमध्ये दोघींनाही गुण नाही, शेवटी पेनल्टी तानीवर आणि रोमानियाची दुमित्रू पुढे. ब्राँझची लढत इप्पॉनने मारली, तेवढं श्रेय देतो. पण फुकुमी 2009ला जगज्जेती झालीच ना?

मॅटबाहेर:
झाली. 2008ची यामागिशीची निवड व्हायला हवी होती, इथवर येतो मी. पण ‘बाहुली’ हा शब्द आधी मागे घ्या.

लालमाती:
आणि नरसिंगचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.