पळालेली मालगाडी आणि पहिल्याच आठवड्यात ठरलेला दोषी

(‘कात्रण’, ‘पहाटेची पाळी’ आणि ‘सांधेवाला’ ही या चर्चेतल्या तिघांची टोपणनावं.)

कात्रण: ६ जुलै २०१३, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातलं लाक-मेगाँतिक. रात्री सव्वाच्या सुमारास कच्च्या तेलाचे ७२ टँकर असलेली मालगाडी चालकाविना उतारावरून सुटली आणि ताशी १०० किलोमीटरच्या वर वेगाने गावात घुसली. गावाचा मध्यभाग जळाला, ४७ माणसं गेली. त्या वेळच्या बातम्या तारखेप्रमाणे लावून वाचल्या आणि फार अस्वस्थ व्हायला झालं.

पहिल्या दिवशी मृतांचा आकडा १ होता. मग ५, १३, १५. तो वाढणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोष? गाडी चालवणाऱ्या रेल्वे कंपनीचे अध्यक्ष आधी म्हणाले, गाडीशी कुणीतरी छेडछाड केली असावी. दोनेक दिवसांत रोख चालकाकडे वळला: त्याने पुरेसे हँडब्रेक, म्हणजे इंजिना-डब्यांना एकेक करून हाताने आवळायचे ब्रेक, लावले नसावेत. दोन्ही विधानं जगभर छापून आली. तपास मंडळाचा अहवाल आला ऑगस्ट २०१४ मध्ये आणि त्यात एक नव्हे, १८ कारणं व पूरक घटक होते. माझं स्पष्ट मत आहे, तपास होईपर्यंत कुणी कुणाकडे बोट दाखवलं हे छापूच नये.

पहाटेची पाळी: अजिबात पटलं नाही. मी बातम्यांच्या डेस्कवर काम करते. तेरा महिने गप्प बसायचं म्हणजे तेवढे दिवस फक्त कंपनीचं पत्रक वाचायचं. सुटण्याआधी गाडी चढावरच्या नांत गावाजवळ उभी असताना तिच्या इंजिनाला आग लागली होती, जवानांनी ती विझवली आणि इंजिन बंद केलं, हे तिथल्या अग्निशमन प्रमुखांनी दोन-तीन दिवसांतच पत्रकारांना सांगितलं. छेडछाडीची कथा तिथेच लुळी पडली. पत्रकारांनी विचारलंच नसतं तर?

सांधेवाला: इंजिन बंद झालं ही बातमी महत्त्वाची का, हे त्या आठवड्यात किती जणांनी नीट समजावलं? इंजिन चालू असेल तोवर कॉम्प्रेसर एअर ब्रेकला हवा पुरवतो. ते बंद पडलं की सांध्यासांध्यांतून हवा झिरपते, दाब उतरतो, पकड सुटते. मग गाडी उतारावर धरून ठेवायला उरतात ते हँडब्रेक. चालकाने ७ लावले होते, कंपनीच्याच नियमाप्रमाणे किमान ९ हवे होते आणि तपासात असं दिसलं की त्या उतारावर तेवढेही पुरले नसते. ब्रेक धरतात का हे पाहताना इंजिनाचा एअर ब्रेक त्याने सोडलाच नव्हता, त्यामुळे गाडी हलली नाही आणि सगळं ठीक वाटलं. चूक त्याची होतीच. पण आग का लागली? आठ-नऊ महिन्यांपूर्वी त्या इंजिनाची दुरुस्ती ठरलेल्या पद्धतीऐवजी चिकट पॉलिमर वापरून उरकली होती. हा तपशील आला तेव्हा वाचक पांगले होते.

कात्रण: माझं म्हणणं नेमकं हेच आहे. चालकासह तिघांवर गुन्हेगारी निष्काळजीपणाचा खटला चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये ज्यूरीने तिघांनाही निर्दोष सोडलं. साडेचार वर्षं तो माणूस लोकांच्या नजरेत गुन्हेगारच होता.

पहाटेची पाळी: खटला सरकारी वकिलांनी भरला, वर्तमानपत्रांनी नाही. आणि तपास मंडळही तेरा महिने मुकं नव्हतं. टँकरमधलं तेल कागदोपत्री कमी धोक्याच्या गटात दाखवलं होतं, हे त्यांनी सप्टेंबर २०१३ मध्येच जाहीर केलं. तपशील असेच हप्त्याहप्त्याने येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये कठुआहून खडीची मालगाडी चालकाविना पंजाबात गेली, तेव्हा अंतर कुणी ७० किलोमीटर लिहिलं, कुणी ८४. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. तेव्हाही थांबायला हवं होतं का?

सांधेवाला: अंतर चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतं, माणसाचं नाव चुकलं तर नाही. दोन्ही एका तागडीत तोलू नका.

पहाटेची पाळी: हे मान्य. तरी अध्यक्षांचं विधान मी आजही छापेन. फक्त त्याच वाक्यात लिहीन की बोलणारा त्याच कंपनीचा मालकपक्ष आहे आणि दोष चालकावर गेला तर कंपनीची जबाबदारी हलकी होते.

कात्रण: आणि चालकाचं नाव?

पहाटेची पाळी: आरोपपत्र दाखल होईपर्यंत नाही. एवढं तुमचं ऐकते.